कळ किती काढायची? हीटिंग उशिरा सुरू केलेल्या एका घराचा हिशेब

विटांच्या भिंतींचं, सुमारे १०० चौरस मीटरचं दोन मजली घर. माणसं चार: नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि ७४ वर्षांच्या आजी. खोल्यांत रेडिएटर आणि त्यांतून गरम पाणी फिरवणारा गॅसचा बॉयलर; अंघोळीच्या पाण्याला मात्र वेगळा विजेचा गिझर. गारठा जाणवू लागला तेव्हा घरात ठरलं, की हीटिंग जमेल तितकं लांबवायचं. स्वेटर आहेत, ब्लँकेटं आहेत, थोडी कळ काढू. चार आठवडे काढली. मग पहिल्या कडक थंडीच्या संध्याकाळी थर्मोस्टॅट फिरवला, तर बॉयलर लागेना. त्याच आठवड्यात मागच्या खोलीतलं कपाट पुढे ओढलं, तर भिंतीवर काळ्या बुरशीचे ठिपके.

घर नमुन्याचं आहे आणि पुढचे आकडे हिशेबाने काढलेले आहेत. मध्यम इन्सुलेशनच्या (उष्णता बाहेर जाऊ न देणाऱ्या थराच्या), या आकाराच्या घराला ते साधारण लागू पडतील. तुमच्या घराचे आकडे वेगळे येतील. हिशेबाची रीत मात्र हीच.

घर थंडीशी कसं वागतं, हे तीन आकड्यांवरून कळतं. पहिला, आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर किती उष्णता निसटते. इथे तो २०० वॉट धरला आहे, म्हणजे १० अंशांच्या फरकाला २ किलोवॉट. दुसरा, घराला फुकटात किती उष्णता मिळते. नुसतं बसलेलं माणूसही साधारण १०० वॉट देतं. त्यात फ्रिज, दिवे, स्वयंपाक आणि खिडक्यांतून येणारं ऊन धरून दिवसाची सरासरी ९०० वॉट. तिसरा, भिंती आणि सामान किती उष्णता साठवतात. इथे प्रत्येक अंशाला ८ युनिट, म्हणजे ८ किलोवॉट-तास.

९०० ला २०० ने भागलं की ४.५ येतात. म्हणजे हीटिंग बंद असताना हे घर बाहेरच्या सरासरीपेक्षा साडेचार अंश उबदार राहतं. आत २० अंश हवे असतील, तर बाहेरची दिवसरात्रीची सरासरी १५.५ च्या खाली जाईपर्यंत बॉयलरची गरजच नाही. साठवणीचा आकडा सांगतो की घर लगेच गार पडत नाही: ८ युनिट भागिले ०.२ किलोवॉट, म्हणजे ४० तास. बाहेर एकदम थंडी पडली, तर एकूण जितकं उतरायचं त्यातला दोन तृतीयांशाच्या जरा कमी उतार चाळीस तासांत होतो. एका थंड रात्रीने घाबरायचं कारण नसतं ते म्हणूनच, आणि ओळीने तीन थंड दिवस आले की घर अचानक बर्फासारखं का वाटतं तेही म्हणूनच.

पहिले दोन आठवडे बाहेरची सरासरी १३ होती. आत १७.५. स्वेटर घातला की भागत होतं, काचा कोरड्या होत्या. तिघांसाठी हा निर्णय योग्यच होता. आजींचा प्रश्न वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात थंड हवामानातल्या घरांसाठी किमान १८ अंश सांगितले आहेत, आणि वयस्क, लहान मुलं किंवा हृदय-फुप्फुसाचा आजार असलेल्यांना त्याहून थोडं जास्त लागू शकतं. ‘मला काही थंडी वाजत नाही’ हे आजींचं म्हणणं प्रमाण मानू नये. वयाबरोबर थंडी जाणवण्याची क्षमता बोथट होते, पण रक्तदाब वाढायचा तो वाढतोच. त्यांच्या खोलीत थर्मामीटर ठेवून आकडा बघायला हवा होता आणि तेवढी एक खोली आधीपासून गरम ठेवायला हवी होती.

पुढच्या दोन आठवड्यांत बाहेरची सरासरी ११ वर आली आणि आतलं तापमान १५.५ वर. प्रकरण इथे हाताबाहेर जायला लागलं, पण थंडीमुळे नव्हे, ओलाव्यामुळे.

चार माणसांचा श्वास, स्वयंपाक, अंघोळ, धुणं मिळून रोज सुमारे ८ लिटर पाणी वाफ होऊन घरातल्या हवेत जातं. बाहेरच्या हवेत दर घनमीटरला साडेसात ग्रॅम बाष्प असेल आणि घरातली निम्मी हवा तासाला बदलत असेल, तर आत ते १० ग्रॅमपर्यंत पोचतं. हीटिंग चालू असो वा बंद, हे १० ग्रॅम तितकेच राहतात. बदलते ती हवेची बाष्प धरून ठेवायची क्षमता. २० अंशांना एक घनमीटर हवा १७.३ ग्रॅम धरते, म्हणून आर्द्रता ५८ टक्के. १५.५ अंशांना ती १३.२ च धरते, म्हणून आर्द्रता ७६ टक्के. घरात कोणी काही वेगळं केलं नाही, तरी हवा दमट झाली.

बुरशी मात्र खोलीच्या मधल्या हवेत वाढत नाही. ती भिंतीच्या पृष्ठभागावर वाढते, आणि बाहेरच्या भिंतीचा कोपरा खोलीपेक्षा गार असतो. या घरात कोपरा १४.१ अंशांवर होता. तिथे आर्द्रता ८२ टक्के. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे खोलीची ऊब पोचतच नाही, तिथे १३.२ अंश आणि ८७ टक्के. पृष्ठभागावरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सतत काही दिवस राहिली की बुरशीला पुरते. पाणी ओघळायची गरज नसते. ‘काचेवर पाणी नाही, म्हणजे ओल नाही’ हा समज इथेच फसतो.

हेच घर त्या दोन आठवड्यांत १८ अंशांवर ठेवलं असतं, तर कोपऱ्यात ७४ टक्के आणि कपाटामागे ८० च्या आसपास. म्हणजे कोपरा सुटला असता, कपाट मात्र तरीही ५ ते १० सेंटिमीटर पुढे ओढावं लागलं असतं. नुसत्या हीटिंगने सगळं भागतं असं नाही.

त्यात घरच्यांनी दोन गोष्टी केल्या, ज्या थंडीत सगळेच करतात. ऊब जाऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावून घेतल्या. आणि बाहेर वाळत नाहीत म्हणून कपडे आत वाळत घातले. मशीनमधून पिळून निघालेल्या कपड्यांच्या एका घाण्यातून साधारण २ लिटर पाणी हवेत जातं. वरच्या हिशेबातले १० ग्रॅम त्यामुळे प्रत्यक्षात आणखी चढतात.

आता ती संध्याकाळ. बाहेरची सरासरी ६ वर घसरली होती. थर्मोस्टॅट वाढवला, बॉयलरने बिघाडाचा संकेत दाखवला. हीटिंगच्या पाण्याचं प्रेशर दाखवणारा काटा ०.४ बारवर. पाणी गार असताना तो १ ते १.५ च्या दरम्यान हवा. फार कमी असेल तर बॉयलर स्वतःहून पेटायचं नाकारतो. भरणीच्या लवचिक नळीवरचे दोन कॉक हळूहळू उघडून १.३ पर्यंत पाणी भरलं आणि दोन्ही कॉक पूर्ण बंद केले. यातला एक जरी किंचित उघडा राहिला तरी प्रेशर चढत जातं आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकतो, हे लक्षात ठेवण्यासारखं.

मग बॉयलर पेटला. मिनिटभरात आतून किटली उकळल्यासारखा आवाज, बाहेर जाणारा पाइप चटका बसेल इतका तापलेला, परतीचा पाइप थंडगार, आणि दोन मिनिटांत बॉयलर बंद. पाइपांची ही जोडी हाताला सांगते की आग ठीक आहे, पाणी फिरत नाही. पुन्हा पुन्हा रीसेट दाबत बसण्यात अर्थ नसतो. दोनदा झालं की थांबायचं.

मिस्त्री तिसऱ्या दिवशी आले. त्यात त्यांचा दोष नाही: पहिल्या कडक थंडीला सगळ्यांचे बॉयलर एकाच संध्याकाळी सुरू होतात आणि उन्हाळाभर लपलेले बिघाड एकाच रात्री बाहेर पडतात. तोवर दिवाणखान्यात २ किलोवॉटचा फॅन हीटर रोज पाच तास चालला, म्हणजे १० युनिट. तो पाच भोकांच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेला होता. इतका भार तासन्‌तास घ्यायला ते बोर्ड बनवलेले नसतात, प्लग तापून वितळतो. हीटर हवा तो थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये, पडदे-अंथरुणापासून मीटरभर दूर, आणि झोपताना बंद. दिवाणखान्यातली उबदार दमट हवा जिन्याने वर गेली आणि बारा अंशांवर आलेल्या मागच्या खोल्यांत तिचं पाणी झालं. एकच खोली गरम करायची तर तिचं दार बंद ठेवायचं, आणि बाकीच्या खोल्यांच्या खिडक्या रोज उघडायच्या. चिमणी नसलेला गॅस किंवा रॉकेलचा हीटर आणला नाही हे बरं झालं: एक लिटर रॉकेल जळताना साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन घरातच राहतं, आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका जिवावरचा.

बिघाड निघाले ते तीन, तिन्ही क्षुल्लक.

पंप जाम. अशा पंपाचा फिरता भाग हीटिंगच्याच पाण्यात बुडालेला असतो. रेडिएटरच्या लोखंडाचा बारीक काळा गाळ महिनोन्‌महिने थांबलेल्या पाण्यात खाली बसतो आणि त्या भागाला बेअरिंगच्या फटीत धरून ठेवतो. या घरात अंघोळीचं पाणी गिझरवर, त्यामुळे पंप उन्हाळाभर एकदाही फिरला नव्हता. अंघोळीचं पाणीही त्याच बॉयलरवर असेल तर पंप सहसा जाम होत नाही, पण तिथे पाण्याची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह एकाच बाजूला चिकटून बसतो. पंप जुन्या पद्धतीचा आणि बॉयलरच्या बाहेर होता. वीज मेन स्विचपासून तोडली, पंप गार होऊ दिला, खाली कापड धरून मधला मोठा स्क्रू काढला (दोन-चार चमचे पाणी येतंच), आत दिसणाऱ्या दांड्याच्या खाचेत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून तो मोकळा होईपर्यंत फिरवला, स्क्रू परत बसवला. काम दहा मिनिटांचं. नव्या इलेक्ट्रॉनिक पंपांना बऱ्याचदा हा स्क्रू नसतो, ते सुरू होताना स्वतःच झटके देऊन सुटायचा प्रयत्न करतात. पंप गॅस बॉयलरच्या झाकणाआड असेल तर ते झाकण परवानाधारक माणसानेच उघडायचं.

वरच्या मजल्यावरचे दोन रेडिएटर तरीही गार. रेडिएटरवरच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचं (खोलीच्या तापमानानुसार पाणी कमी-जास्त करणाऱ्या) डोकं हाताने फिरवून काढलं, तर आतली पिन दबलेल्या, म्हणजे बंद, स्थितीत अडकलेली. ती दाबली की दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन स्प्रिंगने परत वर यायला हवी. लाकडाच्या सपाट तुकड्याने थोडी-थोडी दाबत, व्हॉल्व्हच्या अंगावर हलके ठोके देत ती सुटली. पिन पकडीत धरून ओढायची मात्र नाही. ती निघून हातात आली तर पाण्याची चिळकांडी थांबवायला काही उरत नाही. उन्हाळ्यात ही डोकी बंद ठेवली की पिन महिनोन्‌महिने दबून राहते. ती पूर्ण उघडी ठेवावीत.

तिसरा बिघाड प्रेशरचा. एका व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती पांढरट-हिरवी खपली जमली होती. पाणी थेंबथेंब झिरपून तिथेच वाळत होतं. पॅकिंगचं नट पाव वळशाहूनही कमी आवळलं आणि झिरपणं थांबलं.

मग रेडिएटरांत अडकलेली हवा काढली. पंप बंद करून, खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वर. किल्ली अर्धा वळसा, फुसफुस थांबून पाण्याची धार आली की बंद. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर हवा. खाली मध्यभागी गार असेल तर गाळ, आणि त्याला हवा काढून उपयोग नाही. हवा गेल्यावर प्रेशर ०.९ वर आलं, ते पुन्हा १.३ केलं. तापल्यावर १.७. एवढी वाढ ठीक. प्रेशर २.५ च्या पुढे गेलं असतं तर एक्स्पान्शन टाकीतली (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा गेली आहे असं समजायचं.

आता या चार आठवड्यांत वाचलं किती? बॉयलरची कार्यक्षमता बाजूला ठेवून फक्त उष्णता मोजू. बाहेर १३ असताना घर २० वर ठेवायला रोज १२ युनिट लागली असती, चौदा दिवसांची १६८. बाहेर ११ असताना रोज २१.६, चौदा दिवसांची ३०२. एकूण ४७०. यातून गार झालेलं घर पुन्हा तापवायचा खर्च वजा करायचा: १५.५ पासून २० पर्यंत साडेचार अंश, गुणिले ८, म्हणजे ३६ युनिट. निव्वळ ४३४. ‘एकदा गार पडलेलं घर तापवायला सगळी बचत जाते’ असं जे ठासून सांगितलं जातं, ते बॉयलरच्या घरात खरं नाही. दहावा हिस्सासुद्धा जात नाही. हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर ओढून आत आणणारं यंत्र) असेल तर गोष्ट जरा वेगळी, कारण घाईने तापवण्यासाठी पाणी जास्त गरम करावं लागतं आणि तिथे त्याची कार्यक्षमता घसरते. फरशीखालून गरम पाण्याचे पाइप टाकलेल्या घरातही थंडी वाजल्यावर सुरू करून चालत नाही, फरशी तापायलाच दिवस जातो.

पण ४३४ युनिट हा मोठा आकडा आहे का? बाहेर २ अंश असताना हेच घर २० वर ठेवायला दिवसाला ६५ युनिट लागतात. म्हणजे महिनाभराची कळ ही ऐन थंडीतल्या जेमतेम सात दिवसांइतकी. उलट थर्मोस्टॅट २० ऐवजी १९ वर ठेवला, तर रोज ४.८ युनिट वाचतात. दीडशे दिवसांच्या हंगामात ७२०. एक अंशाचा हा फरक अंगाला फारसा कळतही नाही.

त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की शेवटचे दोन आठवडे घर १८ वर ठेवायला फक्त १६८ युनिट लागली असती. बुरशी, भिजलेल्या भिंती आणि आजींची १५ अंशांतली खोली, हे सगळं तेवढ्यासाठी पत्करलं. पहिले दोन आठवडे थांबणं शहाणपणाचं होतं, पुढचे दोन नव्हते. आणि बॉयलरची चाचणी या चारही आठवड्यांच्या आधी व्हायला हवी होती. बॉयलर तासभर चालवून बंद केला तर बचतीला काही धक्का लागत नाही.

ती चाचणी अशी. बाहेर अजून ऊब असताना, मिस्त्री मोकळे असताना, आधी धूर बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशी घरटं किंवा पाला नाही ना ते बघायचं आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून तो वाजतो का पाहायचं. गार असतानाचं प्रेशर लिहून ठेवायचं. सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे, थर्मोस्टॅट सर्वांत वर, आणि बॉयलर एक तास. प्रत्येक रेडिएटरला वर, खाली, दोन्ही टोकांना हात लावून बघायचं. गरम असतानाचं प्रेशर लिहायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा गार असतानाचं. यात काही निघालं तर दुरुस्तीला हातात आठवडे असतात. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पंप दहा मिनिटं फिरवला तर तो जाम होण्याचा प्रश्नही बहुधा मिटतो.

कधी सुरू करायचं हे तारखेवर किंवा शेजारच्यांनी कधी लावलं यावर ठरवू नये. आर्द्रता मोजणारे दोन साधे हायग्रोमीटर पुरतात: एक बैठकीत, एक सर्वांत गार खोलीत. नवे असतील तर आधी पारखून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम ओलसर करा आणि हायग्रोमीटरसह हवाबंद पिशवीत आठ तास ठेवा. आकडा ७५ टक्के यायला हवा. जितका फरक तितका मनात धरायचा. मग या घरासाठी पुढचे चार संकेत ठेवता येतील, आणि यातला कोणताही एक पुरेसा आहे: आजींच्या खोलीत सकाळी १८ च्या खाली, बाकी राहत्या खोल्यांत लागोपाठ दोन सकाळी १६ च्या खाली, खिडक्या उघडून हवा बदलल्यावरही दिवसभर ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता, किंवा गार कोपऱ्याचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्याच्या) वर साडेतीन अंशही नाही. शेवटचा संकेत सर्वांत खरा. दवबिंदू हवेचं तापमान आणि आर्द्रता यांवरून तक्त्यात मिळतो. कोपरा इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजायचा, मात्र चकचकीत पृष्ठभागावर नाही. इथे दवबिंदू ११ होता, कोपरा १४.५ च्या वर हवा होता आणि होता १४.१.

तोवर हवा बदलत राहायचं. दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून पाच ते दहा मिनिटं, मग बंद. भिंतींतली उष्णता तेवढ्यात जात नाही, दमट हवा जाते. फटीएवढी खिडकी दिवसभर उघडी ठेवली की तिच्याभोवतीची भिंत तेवढी गार होते. बाहेर पाऊस असला तरी हे चालतं: ५ अंशांची पूर्ण भिजकी हवाही ६.८ ग्रॅमच बाष्प आणते, आणि १८ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ४४ टक्के.

कपाटामागचे ठिपके चौरस मीटरपेक्षा कमी जागेत होते, म्हणून घरीच साफ करता आले. एफएफपी२ मास्क (बारीक कण अडवणारा), हातमोजे, साबणाचं पाणी, ओलं फडकं, आणि फडकी नंतर पिशवीत बांधून कचऱ्यात. कोरड्या ब्रशने घासलं की बीजाणू खोलीभर उडतात. ब्लीच वापरायचं असेल तर ते आम्ल किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो.

बॉयलर सुरू झाल्यावर घर थेट २१ वर न नेता पहिले दोन दिवस अखंड १८ वर ठेवलं, बॉयलरमधून निघणारं पाणी ५५ अंशांवर. हवा दोन तासांत तापते, भिंतींना दीड-दोन दिवस लागतात. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये परतीचं पाणी ५५ च्या बरंच खाली असलं तरच धुरातल्या वाफेची उष्णता नीट परत मिळते, म्हणून पाणी कमी तापमानावर जास्त वेळ फिरवणं फायद्याचं. या पहिल्या आठवड्यात हायग्रोमीटर उलट वर चढला तर चुकलं असं समजू नका: भिंती, गाद्या, पुस्तकं यांनी महिनाभर शोषलेलं पाणी आता बाहेर पडत असतं. त्या दिवसांत खिडक्या नेहमीपेक्षा एक-दोनदा जास्त उघडायच्या, आणि कपाट भिंत पूर्ण कोरडी होईपर्यंत मागे ढकलायचं नाही.